पान पास झालं, पुढे काय?

(विज्ञान दिनाच्या निमित्ताने सांगलीत एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रोजेक्ट जमा करायची वेळ जवळ आली की आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या प्रयोगशाळांत एक जांभळा रंग जिकडेतिकडे दिसायला लागतो. डीपीपीएचचा, म्हणजे अँटिऑक्सिडंट मोजायला वापरतात त्या रसायनाचा. कुणी शेवग्याची पानं वाळत घातलेली असतात, कुणी निर्गुडीची, कुणी महाबळेश्वरहून अंजनी आणलेली असते. (कासच्या पठारावरून मात्र काही तोडून आणू नका. वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हेच बरोबर आहे.) असे प्रोजेक्ट मी पुष्कळ वाचते आणि त्यांचं शेवटचं वाक्य मला पान न उलटता सांगता येतं: ‘सदर वनस्पतीच्या पानांच्या अर्कात लक्षणीय अँटिऑक्सिडंट क्षमता आढळली.’

आढळणारच! पान दिवसभर उन्हात असतं. प्रकाशसंश्लेषण चालू असताना त्याच्या पेशींत ऑक्सिजनची उपद्रवी रूपं सतत तयार होत असतात. त्यांना आवरायला पानाकडे क जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइड्स, फेनॉल गटातली संयुगं असा अँटिऑक्सिडंटांचा बंदोबस्त असावाच लागतो. नसेल तर पान उन्हात टिकणार नाही. तेव्हा बांधावरचं कुठलंही धडधाकट हिरवं पान आणा, ते या परीक्षेत पास होणार. ज्या परीक्षेत कुणी नापासच होत नाही, तिथे पास झाल्याचे पेढे वाटण्यात अर्थ नाही. किती, कशाच्या तुलनेत आणि कशासाठी, हे विचारल्यावर खरा प्रयोग सुरू होतो.

आधी त्या जांभळ्या रंगाकडे पाहू. डीपीपीएच हा फ्री रॅडिकल, म्हणजे त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना आहे. असे बहुतेक रॅडिकल क्षणात कशाशी तरी संयोग पावून संपतात. हा मात्र पावडरीच्या रूपात फ्रीजमध्ये टिकतो. गोल्डश्मिट आणि रेन यांनी तो १९२२ साली तयार केला. अँटिऑक्सिडंट मोजायला तो वापरता येतो, हे ब्लॉइस यांनी १९५८ साली दाखवलं. मेथॅनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळा रंग येतो आणि ५१७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तो सर्वाधिक शोषतो. एखाद्या रेणूने त्याला हायड्रोजन दिला की इलेक्ट्रॉनची जोडी पुरी होते आणि द्रावण पिवळं पडतं. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू असे संपवतो. अर्क घातला, अर्धा तास अंधारात ठेवलं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर किती रंग उरला त्याचं रीडिंग घेतलं, झालं. पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. ती सोपी आहे म्हणूनच जपायला हवं.

माझी पहिली हरकत आयसी-५० या आकड्याला आहे. निम्मा रंग घालवायला अर्क किती लागला, तो हा आकडा. जितका लहान तितका अर्क तेज. पण निम्मा कशाचा? तुम्ही जितकं डीपीपीएच घेतलं त्याचा. १०० मिलिलिटर मेथॅनॉलला ४ मिलिग्रॅम घेतलं तर एक उत्तर येईल, ८ घेतलं तर साधारण दुप्पट येईल. पान तेच, अर्क तोच. मग कराडच्या प्रयोगशाळेतला आकडा मिरजेतल्या आकड्याशेजारी ठेवून ‘आमचं पान सरस’ कसं म्हणणार? शेजारी क जीवनसत्त्व किंवा ट्रोलॉक्स (तुलनेसाठी वापरतात ते ई जीवनसत्त्वासारखं संयुग) त्याच दिवशी, त्याच द्रावणावर चालवा आणि उत्तर त्याच्या तुलनेत सांगा. तेही वाळलेल्या पानाच्या ग्रॅममागे सांगा. नुसत्या अर्काच्या ग्रॅममागे सांगितलं तर फसगत होते: अर्क जबरदस्त निघतो, पण पसाभर पानांतून चिमूटभरच निघालेला असतो.

दुसरी गोष्ट ब्लँकची, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या कोऱ्या नमुन्याची. आता आंब्याला, जांभळाला तांबूस पालवी फुटेल. तो तांबूसपणा अँथोसायनिनचा असतो आणि आम्लयुक्त द्रावणात अँथोसायनिन ५२० नॅनोमीटरच्या जवळपास प्रकाश शोषतं, म्हणजे नेमकं जिथे तुम्ही डीपीपीएच मोजताय तिथेच. डीपीपीएच संपलं तरी यंत्राला रंग दिसतच राहतो आणि बिचारी पालवी विनाकारण कमजोर ठरते. त्यासाठी अर्क अधिक मेथॅनॉल, डीपीपीएच न घालता, असा वेगळा ब्लँक अर्काच्या प्रत्येक पातळीला हवा. अर्धे विद्यार्थी तो ठेवत नाहीत. द्राक्षाची पानं घेणाऱ्यांनी आणखी एक बघायचं: त्यावर बोर्डो मिश्रण, म्हणजे तांबं असलेलं बुरशीनाशक, मारलंय का? तांबं क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण भराभर घडवतं. तासगावच्या बागेतून पानं आणलीत तर फवारणीचं वेळापत्रकही मालकाकडून लिहून आणा.

‘एकूण फेनॉल’ मोजायच्या फोलिन-सिओकाल्टो चाचणीबद्दल थोडक्यात. हा अभिकर्मक १९२७ साली प्रथिनांतलं टायरोसिन मोजायला निघाला. सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५ साली त्यात सुधारणा करून तो वाईनमधल्या फेनॉलसाठी बसवला. पण तो फक्त फेनॉल ओळखत नाही. क जीवनसत्त्व असलं तरी निळा होतो. म्हणून ‘एकूण फेनॉल’ हा शब्द जरा हात राखून वापरा. फ्रॅप ही अँटिऑक्सिडंट मोजायची आणखी एक चाचणी १९९६ साली रक्तद्रवासाठी सुचवली गेली आणि चालते ३.६ सामूला (पीएच), म्हणजे आम्लात. रक्ताचा सामू ७.४. यावर वेगळं भाष्य नको.

आता शरीराकडे. क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या छोट्या नळीत) रंग उडाला म्हणून माणसाचा आजार उडत नाही. पानातली बरीच फेनॉल संयुगं आतड्यातून फार कमी शोषली जातात आणि जी जातात त्यांचं रूप यकृत बदलून टाकतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली ओरॅक यादी २०१२ साली काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि त्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध नव्हता. तेव्हा प्रोजेक्टच्या शेवटी ‘कर्करोग व मधुमेहावर उपयुक्त’ असं लिहू नका. मार्गदर्शकांनी सांगितलं तरी लिहू नका.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं, की अँटिऑक्सिडंटचं काम जिथे डोळ्यांनी, जिभेने, नाकाने कळतं तिथे चला. तूप, तेल, शेंगदाणे. खवटपणा म्हणजे ऑक्सिडीकरणच.

लोणी कढवताना आपल्या घरांतून त्यात विड्याचं पान टाकतात. वासासाठी, रंगासाठी, तूप टिकावं म्हणून. आजीला विचाराल तर ती तिन्ही कारणं सांगेल. कढवताना विड्याचं किंवा कढीपत्त्याचं पान घातलं तर तूप उशिरा खवट होतं, हे आपल्या दुग्धशास्त्रज्ञांनी तपासलेलं आहे. विड्याच्या पानात युजेनॉल आणि हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल अशी फेनॉल आहेत, त्यांचं ते काम. आणि विड्याच्या पानासाठी आपल्याला लांब जायला नको. मिरज तालुक्यात बेडग, नरवाड, आरग भागात पानमळे आहेत. कपुरी जातीच्या पानाचा वेल शेवरीवर, शेवग्यावर चढवलेला असतो. एकाच मळ्यात, एकाच मातीत, एकाच पाण्यावर दोन अगदी वेगळी पानं मिळतात, विड्याचं आणि शेवग्याचं. तुलना करायला याहून सोयीचं शेत कुठे मिळणार? शेंड्याचं कोवळं पान आणि खालचं जून पान, उन्हाळ्यातला खुडा आणि पावसाळ्यातला खुडा, असे प्रश्न घ्या. मळेवाल्याला त्याचा उपयोग होईल, कारण जी पानं बाजारात दर घेत नाहीत त्यांचं काय करायचं हा त्याचा रोजचा प्रश्न आहे.

प्रयोग असा. लाकडी घाण्याचं शेंगतेल घ्या, काहीही न मिसळलेलं. एका भांड्यात तसंच, एकात बीएचटी (तेलात घालतात ते कृत्रिम अँटिऑक्सिडंट) २०० पीपीएम, बाकीच्यांत वेगवेगळ्या प्रमाणात अर्क. अर्क मेथॅनॉलचा नको, ते विष आहे. इथेनॉलमध्ये काढा आणि ते पूर्ण उडवून मग तेलात मिसळा. भांडी ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. ठरलेल्या दिवसांनी थोडं थोडं तेल काढून पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे ऑक्सिडीकरण किती झालं त्याचं माप, पाहा: पोटॅशियम आयोडाइड घालायचं, सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात शुद्धीकृत तेलाला १० आणि घाण्याच्या तेलाला १५ ही वरची मर्यादा आहे. कुठल्या भांड्याने ती कधी ओलांडली, ते तुमचं उत्तर. ब्युरेट सगळीकडे आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरची पाळी लावून बसायला नको.

आणि इथे एक गंमत होते. डीपीपीएचमध्ये पहिला आलेला अर्क तेलात मागे पडू शकतो. तो तेलात विरघळायला हवा, उष्णतेत टिकायला हवा. शिवाय हिरव्या अर्कात क्लोरोफिल येतं. उजेडात क्लोरोफिल ऑक्सिजनला चेतवून त्याचं आणखी आक्रमक रूप तयार करतं, म्हणजे तेल खवट व्हायला हातभारच लावतं. डीपीपीएच आपण अंधारात करतो, त्यामुळे हा दोष तिथे कधी दिसतच नाही. म्हणून ओव्हनखेरीज प्रत्येक नमुन्याच्या दोन काचेच्या बाटल्या भरा. एक कपाटात ठेवा, दुसरी खिडकीत, आणि दोन्हींचं पेरॉक्साइड मूल्य एकाच तक्त्यात लिहा.