तांब्याचा तळ

[दृश्य : चित्रकलेचा वर्ग. मधोमध स्टूल. त्यावर तांब्या, कपबशी, दोन पेरू. मागे चुण्या पाडून टाकलेलं निळं कापड.]

शनिवारची सकाळची शाळा. शेवटचे दोन तास जोडून चित्रकलेला दिलेले. आठवी-नववीची मुलं बाकं सरकवून स्टुलाभोवती अर्धगोल करतात. एका मांडणीभोवती दहा-बारा मुलं, त्याहून जास्त नकोत. साठ मुलांच्या वर्गात एकच तांब्या मांडला, तर मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची ही तयारी. परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 वाढीव गुण, ब ला 5, क ला 3. पुष्कळ मुलं या गुणांसाठीच वर्गात येऊन बसतात. बसू देत. तांब्या मात्र सगळ्यांना सारखाच नीट पाहावा लागतो.

[दृश्य : बाई एका बाजूच्या खिडक्या लावून घेतात.]

मांडणीच्या आधी उजेड ठरतो. दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या राहिल्या तर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि तांब्याच्या पोटावर छायाच सापडत नाही. म्हणून एक बाजू बंद. स्टूल गुडघ्याइतकं उंच, म्हणजे बाकावरच्या मुलाला भांडी नजरेच्या खाली दिसतात. वस्तू एकमेकींना थोड्या झाकणाऱ्या हव्यात. ओळीत मांडलेल्या वस्तू दुकानाच्या फळीवर ठेवल्यासारख्या दिसतात.

[दृश्य : हात लांब, एक डोळा मिटलेला, मुठीत उभी पेन्सिल.]

कागद पाव इम्पीरियल, म्हणजे 15 बाय 11 इंच. आता माप. कोपर ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी. तांब्याच्या तोंडाची रुंदी अंगठ्याच्या नखानं पेन्सिलीवर धरायची आणि तीच उंचीवर किती वेळा बसते ते पाहायचं. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं. एकाच चित्रात तांब्या ठेंगू आणि कप उंचच उंच झाला असेल, तर चूक हातातल्या कलेची नसते, कोपराची असते.

मग मध्यरेषा. भांड्याच्या उजव्या-डाव्या बाजू या रेषेपासून सारख्या अंतरावर तपासायच्या. ती न आखता काढलेला तांब्या हमखास एका कुशीवर कलतो.

आणि आता तळ.

[दृश्य : मुलाच्या कागदावरचा तांब्या. तोंड गोल गरगरीत, तळाशी मात्र सरळ आडवी रेघ.]

आठवीच्या वर्गात ही चूक निम्म्याहून जास्त कागदांवर सापडेल. तोंड गोल असतं हे मुलाला ठाऊक आहे, म्हणून ते गोल काढतं. तळ स्टुलावर सपाट टेकलाय हेही ठाऊक आहे, म्हणून तिथे सरळ रेघ मारतं. दोन्ही ठिकाणी हात डोळ्याला न विचारता चाललेला असतो.

[दृश्य : काचेचा ग्लास, अर्धा पाण्यानं भरलेला. बाई तो हळूहळू वर उचलतात.]

यावर काचेच्या ग्लासाइतकं चांगलं साधन नाही. ग्लास नजरेच्या खाली धरला की तीन लंबवर्तुळं दिसतात : काठाचं, पाण्याच्या पातळीचं आणि तळाचं. काठ नजरेला सगळ्यात जवळ, म्हणून तो सगळ्यात चपटा. पाणी त्याहून फुगीर. तळ सर्वांत खाली, तो सर्वांत फुगीर. ग्लास वर नेत चला. काठ बारीक होत होत डोळ्यासमोर आला की नुसती रेघ उरते. आणखी वर न्या, काठ पुन्हा उघडतो, पण आता आतल्या बाजूनं पाहिल्यासारखा नाही, खालून पाहिल्यासारखा.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तांब्याचा तळ आपोआप वाकतो, आणि तोंडापेक्षा जास्त वाकतो.

लंबवर्तुळाच्या टोकांकडेही लक्ष हवं. दोन कंस जोडून काढलं की टोकं माशाच्या शेपटीसारखी टोचतात. टोक कितीही बारीक असलं तरी ते वळलेलंच असतं. म्हणून मनगट कागदावर न टेकवता, खांद्यातून हात फिरवत, फिकट हातानं तीन-चार वेढे घ्यायचे आणि त्यातला बरा ठेवायचा. एकाच रेघेत बरोबर काढायचा हट्ट मुलांना खोडरबराकडे नेतो, आणि खरवडलेल्या कागदावर पुढे रंग डागाळतो.

[दृश्य : पॅलेट. यलो ऑकर, व्हर्मिलियन, बर्न्ट सिएना, क्रिमसन, प्रुशियन ब्लू.]

तांबं रंगवताना पहिला हात यलो ऑकर आणि किंचित व्हर्मिलियनचा, भरपूर पाण्यात. चकाकीची जागा कोरी सोडायची, जलरंगात तीच आपली पांढरी. मग अंगाला बर्न्ट सिएना. गडद छायेसाठी त्यातच क्रिमसन आणि प्रुशियन ब्लूचा ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. काळा रंग डब्यातच राहू द्या. काळ्यानं तांबं मळकट होतं, छाया मेल्यासारखी दिसते. नीट पाहिलं तर तांब्याच्या पोटावर मागच्या कापडाचा निळा उतरलेला असतो, छायेच्या कडेला एक मंद उजळ पट्टी असते. ती दिसली आणि ठेवली की पोट गोल वाटू लागतं.

पावसाळी हवेत पहिला हात वाळायला वेळ लागतो. अर्धवट ओल्यावर दुसरा दिला की रंग फुटतो आणि पानकोबीसारखे डाग उमटतात. तोवर कपाकडे वळावं.

[दृश्य : स्मरणचित्र, भाजी मंडई.]

स्मरणचित्रात समोर काही नसतं, पण नजरेची रेषा तीच. सपाट जागेवर उभं राहून मंडई पाहिली, तर आपल्या उंचीच्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. मुलं लांबचा माणूस लहान करतात आणि त्याचे पाय जवळच्याच्या ओळीत ठेवतात, मग तो बुटका दिसतो. दुसरी चूक पाय कापले जाण्याची : डोक्यापासून सुरुवात केली आणि कागद गुडघ्यातच संपला. डोकं आणि टाच, दोन खुणा आधी करा, मधे साडेसात डोकी बसवा.

संकल्पचित्राबद्दल, म्हणजे नक्षीच्या चित्राबद्दल, एवढंच : पोस्टर रंग सायीइतका दाट हवा. पातळ झाला तर ब्रशचे फटकारे दिसतात, फार जाड झाला तर वाळून तडकतो. आणि एक छटा जिथे जिथे लागणार, तेवढी एकदमच कालवावी, दुसऱ्यांदा ती तशीच जमत नाही. अक्षरलेखनात ‘गणेश’ लिहिताना पट्टीनं सारखं अंतर मोजलं तरी ग, ण, श अशा सुट्या उभ्या रेघेच्या अक्षरांपाशी फट मोठी वाटते. तिथे पट्टी बाजूला ठेवावी.

[दृश्य : घड्याळ. मुलं पाणी ओतायला रांगेत.]

शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची. ब्रश पाण्यात उभे ठेवू नयेत, केस कायमचे वाकतात. धुवून, टोक करून आडवे. चित्र अर्धंच झालंय, पुढच्या शनिवारी मांडणी तशीच लागेल. म्हणून बाई खडू घेतात आणि प्रत्येक वस्तूच्या तळाभोवती स्टुलावर रेघ आखतात. मग तांब्या उचलून कपाटात जातो.

[दृश्य : रिकामं स्टूल, आधी वरून. खडूचं वर्तुळ. कॅमेरा हळूहळू खाली, बाकावरच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. वर्तुळ चपटं होत जातं. ते लंबवर्तुळ झालं की थांबायचं.]