करंट गेल्यावर ‘ऑफलाइन’ होणारा प्रिंटर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात बेळगाव शहरात आणि त्याहून जास्त खानापूर, जांबोटी भागात करंट वारंवार जातो-येतो. त्यानंतर घरोघरी एक तक्रार सुरू होते: वायफायवरचा प्रिंटर संगणकाला सापडत नाही, पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसतं. सकाळी जमिनीचा उतारा काढून न्यायचा असतो आणि काम तिथंच अडतं. मग प्रिंटर संगणकातून काढून पुन्हा बसवला जातो. चार दिवस चालतो, करंट गेला की परत तेच. कारण खरी गडबड बहुतेक वेळा पत्त्यात असते.

राउटर, म्हणजे वायफाय देणारा डबा, घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देतो, तो त्याचा आयपी अॅड्रेस. समजा प्रिंटरला १९२.१६८.१.५ मिळाला. करंट जाऊन आला की राउटर बऱ्याचदा नव्यानं क्रमांक वाटतो. पाच क्रमांक एखाद्या मोबाईलला जातो आणि प्रिंटरला आठ मिळतो. संगणक मात्र कागद पाचवरच पाठवत राहतो.

म्हणून आधी प्रिंटरचा आजचा पत्ता पाहा. पडदा असलेल्या प्रिंटरवर तो नेटवर्कच्या मेनूत असतो. पडदा नसेल तर नेटवर्कची माहिती देणारा कागद छापता येतो. त्यासाठी कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते माहितीपुस्तकात असतं. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून क्रमांकच मिळालेला नाही. अशा वेळी प्रिंटर बंद करा, राउटर बंद करून चालू करा, तीन मिनिटं थांबा आणि मगच प्रिंटर लावा. करंट आल्यावर दोन्ही एकदम चालू झाले की हे बऱ्याचदा घडतं, कारण राउटर तयार होण्याआधीच प्रिंटर शोधून थकलेला असतो.

पत्ता ठीक असेल, तर तो कायमचा बांधून टाका. राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा स्वतःचा पत्ता आणि पासवर्ड असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून आत जा आणि डीएचसीपी, म्हणजे क्रमांक वाटण्याच्या, विभागात ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. तिथं प्रिंटरचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कच्या त्याच कागदावरची बारा अक्षर-अंकांची ओळख, आणि त्याला हवा तो क्रमांक लिहून सेव्ह करा. पत्ता प्रिंटरमध्येही पक्का करता येतो, पण राउटरमध्ये केलेलं बरं. नाहीतर तोच क्रमांक राउटर दुसऱ्या कुणाला देऊन बसतो.

आता विंडोजकडे. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा. पोर्ट म्हणजे संगणकानं प्रिंटरकडे जायची वाट. तिथं डब्ल्यूएसडी, म्हणजे विंडोजनं प्रिंटर आपणच शोधून बनवलेल्या, पोर्टवर खूण असेल, तर वारंवार ऑफलाइन होण्याचं ते मोठं कारण असू शकतं. ‘अॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट’ निवडा आणि बांधलेला पत्ता द्या. छपाईच्या रांगेत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर खूण राहिली असेल तर ती काढायला विसरू नका.

पत्ता बांधूनही प्रिंटर सुटत असेल, तर वायफायच्या लहरी तपासायला हव्यात. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, आणि बरेच घरगुती प्रिंटर २.४ वरच चालतात. राउटरवर २.४ आणि ५ या दोन्हींना एकच नाव असेल तर जोडणी करताना घोळ होतो, म्हणून नावं वेगळी ठेवा आणि प्रिंटर २.४ वर जोडा. राउटरच्या वायफाय सेटिंगमध्ये २.४ चा चॅनेल ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. शहापूर, वडगावसारख्या दाटीच्या वस्तीत शेजारच्या राउटरांची गर्दी असते, तिथं याचा फरक लगेच जाणवतो. जुन्या घरांच्या जाड दगडी किंवा चिऱ्याच्या भिंती लहरी अडवतात. दोन भिंतींपलीकडचा प्रिंटर राउटरच्या खोलीत आणून पाहा. राउटरवर वायफायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए ३ असेल तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही, डब्ल्यूपीए २ ठेवा. आणि मोबाईल ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर त्याला प्रिंटर दिसणारच नाही.

राउटरला छोटा यूपीएस जोडला तर बराचसा त्रास मुळातच टळतो. घेताना राउटरच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट जुळतात का ते पाहा, बहुतेक १२ असतात. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त हवेत. लेझर प्रिंटर घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. कागदावर शाईची पूड पक्की करणारा त्याचा हीटर एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस बंद पडतो. शाईचा प्रिंटर असेल तर तो भिंतीच्या बटणावरून बंद न करता त्याच्याच बटणावरून करा, म्हणजे शाईचं हेड झाकलं जातं आणि वाळत नाही.

नमस्कार.