बुडाचं बूच आणि ४,२०० डॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीलाच दोन आकडे देतो, कानात ठेवा. ६०० आणि ४,२००.

परके शिंपले बोटींवरून तळ्यांत पसरू नयेत म्हणून कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात २०२४ च्या उन्हाळ्यात हे दोन दंड लागू झाले. बोट ट्रेलरवर चढवून रस्त्याने निघालात आणि तिच्या बुडाचं बूच, म्हणजे आत साचलेलं पाणी सोडून द्यायचं बूच, काढलेलं नसेल, तर ६०० डॉलर. रस्त्याकडेचं तपासणी केंद्र उघडं आहे आणि बोट घेऊन तुम्ही न थांबता पुढे गेलात, तर ४,२०० डॉलर. आधी हेच दंड १८० आणि ३२४ होते. थांबायचं फक्त मोटारबोटवाल्यांनी असंही नाही. कनू, कयाक, हवा भरून फुगवायचा पॅडलबोर्ड, सगळ्यांना थांबावं लागतं.

आता यातली गंमत पाहा. या दोन्ही दंडांत शिंपल्याचं नावसुद्धा नाही. बोटीला एकही शिंपला चिकटलेला नसेल, बोट धुऊनपुसून लख्ख असेल, तरी न थांबल्याचे पैसे भरावेच लागतात. आणि न थांबण्याचा दंड बूच न काढण्याच्या सातपट आहे. पुष्कळ बोटवाल्यांना हा अन्याय वाटतो. मला तो मुळीच वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच आज सांगायचं आहे.

कारण एवढंच, की शिंपला कोणी आणला हे सिद्ध करता येत नाही. पुन्हा सांगतो, कोणी आणला हे सिद्ध करता येत नाही. झेब्रा शिंपल्याची मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडते. अंड्यातून निघणारी अळी जेमतेम केसाच्या जाडीएवढी असते, आणि ती काही आठवडे पाण्यात नुसती तरंगत राहते. बुडातल्या तांब्याभर पाण्यातूनही ती प्रवास करते. तळ्यात शिंपले डोळ्यांना दिसू लागेपर्यंत ती बोट येऊन गेलेली असते, धुतलेली असते, कदाचित विकलेलीही असते. पंप बंद पडतात, पाण्याचे नळ तुंबतात, किनाऱ्यावर धारदार कवचांचा खच पडतो, आणि कोर्टात उभं करायला माणूसच नसतो.

हे झेब्रा शिंपले मूळचे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातले. मोठ्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांतल्या, म्हणजे तोल राखायला भरलेल्या पाण्यातून ते उत्तर अमेरिकेत पोचले आणि १९८८ मध्ये ग्रेट लेक्सच्या साखळीतल्या लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले. त्यांचा भाऊबंद क्वागा २००७ मध्ये थेट पश्चिमेच्या वाळवंटातल्या लेक मीडमध्ये निघाला. ग्रेट लेक्सपासून लेक मीडला जायला पाण्याची वाट नाही. महामार्ग आहे, आणि महामार्गावर ट्रेलर आहेत.

आता मला जी हकिकत सांगायची आहे ती ऑस्ट्रेलियाची. उत्तरेला डार्विन नावाचं बंदर आहे. साल १९९९.

डार्विनला भरती-ओहोटीचा फरक आठ मीटरपर्यंत जातो. आठ मीटर म्हणजे दोन मजल्यांहून जास्त. एवढा फरक असला की उघड्या धक्क्याला यॉट बांधून ठेवता येत नाही, ओहोटीला ती चिखलात बसेल. म्हणून तिथल्या मरीनांना, म्हणजे यॉट ठेवायच्या बंदिस्त गोद्यांना, कुलूपदारं आहेत. आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर. दारातून बोट आत घ्यायची आणि दार बंद करायचं. ही कुलूपदारं लक्षात ठेवा, पुढे सगळी हकिकत त्यांच्यावरच फिरते.

१९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी या बंदराची पाहणी केली. पाणबुडे उतरले, खांब खरवडले, नमुने घेतले. मरीनांमध्ये परका असा शिंपला काही सापडला नाही. मग १९९९ च्या मार्च अखेरीस पुन्हा पाणबुडे उतरले, कलन बे या मरीनामध्ये. सहा-सात महिन्यांपूर्वी जे खांब मोकळे होते त्यांच्यावर आता शिंपल्यांचा जाड थर. काही ठिकाणी चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त. तरंगत्या धक्क्यांवर, दोरांवर, बोटींच्या तळांवर, सगळीकडे.

हा होता काळ्या पट्ट्यांचा शिंपला. दिसायला आपल्या शिणाण्याचं पिल्लू वाटेल, लांबी फार तर अडीच सेंटिमीटर. मूळचा मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा. अंगाने एवढासा, पण महिन्याभरात वयात येतो, आणि गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत कशातही तग धरतो. आपल्याला तो अनोळखी नाही बरं का. विशाखापट्टणमच्या बंदरात तो १९६० च्या दशकातच येऊन बसला, नंतर मुंबईच्या गोदीतही. तिथून तो आजवर गेलेला नाही.

इथे मला थोडं आडवळण घेऊ द्या. १९९८ च्या त्या पाहणीत या मरीनांत काही सापडलं नव्हतं. अशा पाहण्यांना पैसे देताना लोक कुरकुरतात, की एवढा खर्च केला आणि हाती काय आलं, तर काही नाही. अहो, ते ‘काही नाही’ हीच खरी कमाई होती! तो कागद हाती नसता तर १९९९ मध्ये कोणीही म्हणालं असतं, हे शिंपले पहिल्यापासूनच असतील इथे. तारखेनिशी ‘नव्हते’ असं लिहिलेलं होतं म्हणून ‘आले’ असं छातीठोकपणे म्हणता आलं, आणि म्हणून हालचाल झाली. रिकाम्या निघालेल्या पाहणीला वाया गेली म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलो आहे.

तर हालचाल काय झाली? ओळख पटल्यावर काही दिवसांतच कुलूपदारं बंद. बोट आत नाही, बोट बाहेर नाही. कलन बे, मग टिपररी वॉटर्स, मग फ्रान्सिस बे, तिन्ही ठिकाणी. कायद्यात घाईने अधिकार घालून घेतले: बोट अडवायची, तिच्यावर चढायचं, तिची तपासणी करायची, ती शुद्ध करायची. मालकाची परवानगी असो वा नसो.

मग पाण्यात औषध सोडलं. क्लोरीन आणि मोरचूद. आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण शिंपल्याची एक खोड आहे. पाण्यात काही तिखट जाणवलं की तो कवच मिटून घेतो आणि दिवसच्या दिवस मिटून बसतो. म्हणजे औषध एकदा ओतून भागत नाही, मात्रा सतत टिकवावी लागते. डार्विनचं ऊन क्लोरीन खातं, तळाचा गाळ क्लोरीन खातो. म्हणून मोजायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा मोजायचं. कोपऱ्यांत, धक्क्यांच्या आडोशाला, जिथे पाणी हलत नाही तिथे औषध नेऊन पोचवायचं. पाण्यात इतर जे जिवंत होतं, मासेबिसे, तेही मेलं. हे ठाऊक असून केलं, कारण दाराबाहेर सबंध उत्तर किनारा होता आणि त्या किनाऱ्यावर मोत्यांची शेती.

आणि बोटींचं काय? तळ खरवडणं हा सोपा भाग. अवघड भाग आतला. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारी नळी, तिच्यावरची जाळी, संडासाची नळी, भांडी धुवायच्या खाऱ्या पाण्याची नळी. या नळ्यांत अंधार असतो, पाणी ताजं असतं, खरवडणारं कोणी नसतं. शिंपल्याला याहून चांगलं घर नाही. तेव्हा प्रत्येक बोटीच्या नळ्या आतून शुद्ध करायच्या. शिवाय ज्या बोटी आधीच निघून गेल्या होत्या त्यांचा माग काढायचा, किनाऱ्याकिनाऱ्याने. आतल्या आणि निघून गेलेल्या धरून चारशेच्या वर बोटी. एकेक शोधली, तपासली.

साधारण महिन्याभरात मरीना स्वच्छ झाल्या. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. शिंपला एकदा जम बसवून बसल्यावर त्याला पुरता उपटून काढल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत, त्यातलं हे एक. आणि ते जमलं कारण कुलूपदारं होती. उघडं बंदर असतं तर काहीही करता आलं नसतं. पुन्हा सांगतो, दारं होती म्हणून जमलं.

आणि आणणारा? परदेशातून आलेल्या एखाद्या यॉटच्या तळाला चिकटून आला असावा, इथपर्यंत तर्क पोचला. पुढे नाही. शेकडो बोटी, हजारो मैलांचे प्रवास, प्रत्येकीच्या तळाला आता तेच शिंपले. आधी कुठली, हे कोण सांगणार?

म्हणूनच डार्विनला पुढे ‘पसरवलं तर शिक्षा’ एवढ्यावर कोणी थांबलं नाही. परदेशातून आलेल्या यॉटला मरीनात शिरायचं असेल तर आधी तळाची तपासणी आणि नळ्यांवर उपचार, मगच दार उघडतं. अल्बर्टाचे ४,२०० म्हणजे हेच दार आहे, फक्त रस्त्यावरचं. तळ्याला कुलूपदार नसतं, म्हणून ते महामार्गावर बसवलं. दार चुकवणारा माणूस शुद्ध बोट घेऊन गेला की अशुद्ध, हे नंतर कधीच कळत नाही, म्हणून दंड दार चुकवण्याचा.

याच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंड. तिथल्या १९९३ च्या जैवसुरक्षा कायद्यात नको असलेला जीव जाणूनबुजून पसरवला तर पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाख डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा जबर, पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द सिद्ध करावा लागतो. माझं मत विचाराल तर मोठ्या शिक्षेपेक्षा चुकवता न येणारी छोटी शिक्षा जास्त कामाची. आणि जो स्वतः येऊन सांगतो, ‘माझ्या बोटीला काहीतरी चिकटलंय’, त्याला एक पैचाही दंड नको. त्याला दंड केलात तर पुढचा माणूस रात्री अंधारात बोट सोडेल.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा कामाचं पटापट सांगतो.

बोट पाण्याबाहेर काढली की रॅम्पपासून जरा बाजूला, सपाट कोरड्या जागी घ्या. बूच काढा. बॅलास्ट टाकी, मासे जिवंत ठेवायची टाकी, दोन्ही उघडा. मोटर पूर्ण खाली झुकवा, तिच्यात अडकलेलं पाणी ती तेव्हाच सोडते, वर उचललेली असताना नाही. पंखा, नांगराचा दोर, ट्रेलरचा आस आणि रोलर यांवरचं शेवाळ-गवत हाताने काढा. तळावरून तळहात फिरवा. गुळगुळीत हवा. पॉलिश-कागदासारखा खरखरीत लागला तर ते कोवळे शिंपले असू शकतात, डोळ्यांना दिसत नसले तरी. तसं लागलं तर बोट हलवू नका, तपासनीसाला बोलवा.

मग गरम पाणी. बाहेरच्या भागाला ६० अंश सेल्सिअस, प्रत्येक जागी किमान दहा सेकंद. हे ६० अंश धातूवर पोचल्यावरचे धरायचे, नळीच्या तोंडाशी मोजू नका. थंड धातूवर पडताच पाणी निवतं, आणि सगळं चुकतं ते इथेच. आतल्या टाक्यांना ४९ अंश पुरतात, पण दोन मिनिटांहून थोडं जास्त वेळ. तिथे ६० अंश ओतलेत तर पंप आणि रबराचे भाग खराब होतील. ब्लीच ओतायचा मोह टाळा. डार्विनला पाहिलं ना, तो मिटून बसतो.

बॅलास्ट टाकी पंपाने कधीच पुरती रिकामी होत नाही, तळाशी पाणी उरतंच. म्हणून वेकबोटवाल्यांना, म्हणजे मागे मोठी लाट उठावी म्हणून टाक्यांत पाणी भरणाऱ्यांना, तपासनीस जास्त वेळ थांबवतात, त्यात त्यांचा आकस नाही. आणि ट्रेलरच्या फळ्यांवर तो गालिचा लावतात ना, तो काढून टाका हो. बोटीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात, पण ओलावा धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या बसवा.

वाळवणं हा शेवटचा भाग. उत्तर अमेरिकेत निदान पाच दिवस सांगतात, पण गार, दमट हवेत मोठा शिंपला पाण्याबाहेर महिनाभरही जगू शकतो, तेव्हा हवा पाहून दिवस वाढवा. न्यूझीलंडमध्ये डिडिमो या शेवाळासाठी सांगतात, हाताला कोरडं लागल्यावर पुढे आणखी ४८ तास. याच डिडिमोसाठी, घाई असेल तर भांडी घासायच्या साबणाचं पाच टक्के द्रावण, म्हणजे अर्धा लिटर साबण आणि एकूण दहा लिटर होईल इतकं पाणी, त्यात एक मिनिट. वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालायचे उंच पायमोजे-पाटलोण, जॅकेट, दोर यांसारख्या पाणी पिणाऱ्या वस्तूंना त्याहून बराच जास्त वेळ, द्रावण आतपर्यंत मुरलं पाहिजे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती बोटवाले नेहमी बोलून दाखवतात. बूच काढलं, घरी विसरलं, पुढच्या वेळी तशीच बोट पाण्यात सोडली आणि रॅम्पवरच बुडात पाणी भरलं. या भीतीने लोक बूच काढतच नाहीत. त्यावर उपाय असा: बूच काढलं की ते बोटीच्या इंजिनाच्या किल्लीला दोरीने बांधून टाका. किल्ली हातात घेतल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही, आणि किल्ली हातात आली की बूचही हातात येईल. दोरी मात्र नायलॉनची घ्या, सुती नको, सुती ओली राहते.

नमस्कार.