गुरुवार, दुपारी बारा, प्रेषितांचे दार

स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी कॅथीड्रलच्या घंटेचे बारा ठोके पडले, की काळे झगे घातलेले आठ शेतकरी प्रेषितांच्या दारासमोर मांडलेल्या खुर्च्यांवर येऊन बसतात. पितळी आकड्याची काठी घेतलेला शिपाई एकेका पाटाचे नाव पुकारतो: क्वार्त, मिस्लाता, फावारा. तुरिया नदीच्या पाण्याचा हा न्यायपंचायतीचा दरबार. कोणी पाळी मोडून पाणी घेतले, कोणाचे पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरले, एवढेच त्याचे खटले. सारे कामकाज तोंडी, वॅलेन्सियन भाषेत. वकील नाही आणि निकालावर अपीलही नाही.

हे पाट आणि पाळ्या अरबी अमदानीत नांदत्या झाल्या. १२३८ साली आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने शहर जिंकले आणि मुख्य मशिदीच्या जागी हे कॅथीड्रल उभे राहिले. पाण्याची वहिवाट मात्र ‘सारासेनांच्या’, म्हणजे मुसलमानांच्या, ‘काळी होती तशीच’ चालू ठेवावी, असे त्याच्याच कायद्याने ठरवले. धर्म बदलता येतो, पण उभे पीक वाळवून चालत नाही, हे त्या राजाला पक्के ठाऊक असावे.

या सामंजस्याचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा गाळली जाते. ज्यांच्या पूर्वजांनी ही शेती फुलवली, त्या बाटवलेल्या मुसलमानांना, म्हणजे मोरिस्कोंना, १६०९ मध्ये तिसऱ्या फिलिपने देशाबाहेर काढले आणि वॅलेन्सियाच्या राज्याने सुमारे एक तृतीयांश वस्ती गमावली. माणसे गेली, शब्द राहिले. पाटाला स्पॅनिशमध्ये आजही ‘असेकिया’ म्हणतात, बंधाऱ्याला ‘असूद’. दोन्ही मूळचे अरबी. ‘असूकार’ आणि ‘नारांखा’ हे शब्दही अरबीतूनच तिथे पोहोचले, पण त्यांचे मूळ संस्कृत शर्करा आणि नारंग यांत आहे. आपली साखर आणि नारिंग त्याच घराण्यातली.

१७०७ मध्ये पाचव्या फिलिपने वॅलेन्सियाचे स्वतंत्र कायदे रद्द केले, पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत वॅलेन्सियन भाषा कचेऱ्यांतून आणि शाळांतून हद्दपार झाली. पाण्याचा दरबार या सगळ्यांतून तरला. १९७८ च्या राज्यघटनेने रूढ व पारंपरिक न्यायालयांना मान्यता दिली, तर २००९ मध्ये युनेस्कोने या दरबाराची वारसा म्हणून नोंद केली.

दरम्यान शहर पसरत गेले आणि भोवतालच्या बागायतीतील पुष्कळ जमीन इमारतींखाली गेली. बहुतेक गुरुवारी शिपाई आठही पाटांची नावे पुकारतो, कोणी पुढे येत नाही आणि पंच काही मिनिटांतच उठतात.