सूट लिटरला की माणसाला?

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, सरकारने पेट्रोलवर लिटरमागे सूट दिली. मोटारवाला चाळीस लिटरची टाकी भरतो, म्हणजे सूट चाळीस पट घेऊन जातो. ज्याच्याकडे सायकलही नाही, त्याच्या हाती भोपळा. तरी ही सूट चालते गरिबांच्या नावावर. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी विकसनशील देशांचा हिशेब मांडला, तेव्हा इंधन अनुदानातला वरच्या २० टक्के घरांचा वाटा तळच्या २० टक्क्यांच्या सहापट निघाला.

धान्याचं जरा वेगळं. श्रीमंत खाऊन खाऊन किती खाणार? रॉकेलही गरिबाच्याच दिव्यात जळतं. पण ते स्वस्त झालं की निम्मं वाटेतच डिझेलमध्ये जाऊन मिसळण्याची भीती असते.

मग सूट बंदच करावी? बोलायला सोपं आहे. इंधन महागलं की बसचं तिकीट चढतं, बाजारात येणारा माल चढतो आणि चिमटा पुन्हा गरिबालाच. इजिप्तने जानेवारी १९७७ मध्ये अन्नावरचं अनुदान कापलं. दोन दिवस शहरं पेटली, निर्णय मागे घ्यावा लागला. नायजेरियात १ जानेवारी २०१२ ला पेट्रोल ६५ नायरांवरून थेट १४१ वर गेलं. देशभर संप झाला, दर ९७ वर आणावा लागला.

दुसरी वाट अशी: सूट काढायची, पण पैसे थेट माणसाच्या हाती द्यायचे. इंडोनेशियाने २००५ मध्ये इंधनाच्या दरवाढीबरोबर गरीब घरांना दरमहा १,००,००० रुपिया देऊ केले. पण यादी घाईत केलेली. गरजू सुटले, तक्रारींचा पाऊस पडला, मग आणखी लाखो घरं घ्यावी लागली. माझं मत विचाराल तर यादीत चार सुखवस्तू घुसले तरी चालतील, एक उपाशी घर सुटता कामा नये.

इराणने डिसेंबर २०१० मध्ये क्रमच फिरवला. माणशी महिना ४,५५,००० रियाल खात्यांत आधीच जमा केले. लोकांना आकडा दिसत होता, पैसे मात्र काढता येत नव्हते. इंधनाचे नवे दर लागू झाले आणि खाती खुली झाली. ही युक्ती मला फार आवडते. हातात आधी काही पडलं की माणूस दरवाढ निदान ऐकून तरी घेतो. चूक पुढे झाली. रक्कम महागाईला बांधलीच नव्हती. वर्षामागून वर्षं गेली, खात्यात तेच ४,५५,००० येत राहिले आणि त्यात भरणारी पिशवी दरवर्षी हलकी होत गेली.