पाप आणि गुन्हा

नमस्कार. आज एका वर्षापासून सुरुवात करते. १७९१.

फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन दोन वर्षं झाली आहेत. नवी दंडसंहिता लिहिली जाते आहे. जुन्या कायद्यात देवनिंदा गुन्हा होता, पाखंड गुन्हा होता, जादूटोणा गुन्हा होता. दोन पुरुषांमधला शरीरसंबंध हाही गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा होती जाळून मारणं. ही फार जुनी गोष्ट नव्हती. १७५० साली, म्हणजे फक्त ४१ वर्षांपूर्वी, याच आरोपाखाली पॅरिसच्या भर चौकात दोन पुरुषांना चितेवर चढवलं होतं.

नव्या संहितेत या चारही गुन्ह्यांचं नावसुद्धा नाही. ती सभागृहापुढे मांडणारे ल पेलतिए यांनी कारणही सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की अंधश्रद्धेनं आणि जुलमी सत्तेनं जन्माला घातलेले खोटे गुन्हे आम्ही यात घेतलेले नाहीत.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट बघा. समलिंगी हक्कांसाठी त्या सभागृहाबाहेर कुणी उभं नव्हतं. चळवळ नव्हती, मोर्चा नव्हता, 'समलिंगी' हा शब्दसुद्धा नव्हता. देवनिंदा करणाऱ्याला शिक्षा करायचं राज्यानं सोडलं, तेव्हा त्याच हिसक्यात ही माणसंही सुटली. त्यांना बांधणारी दोरी तीच होती. पोलिसांनी 'सार्वजनिक सभ्यते'च्या नावाखाली त्यांना छळणं पुढेही चालू ठेवलं, फ्रान्स एका रात्रीत मायाळू झाला असं मी म्हणत नाही. पण चिता गेली.

आपण सेक्युलर या शब्दासाठी 'धर्मनिरपेक्ष' म्हणतो. मराठीत त्याला आणखी एक शब्द आहे, थोडा मागे पडलेला: इहवादी. मला तो जास्त आवडतो, कारण तो सरळ बोलतो. राज्यानं इहलोकाचं बघावं. चोरी झाली का, कुणाला मारहाण झाली का, कुणावर जबरदस्ती झाली का, हे बघावं. मेल्यानंतर कुणाच्या खात्यावर काय जमा होणार, ते बघणारे वेगळे. चित्रगुप्ताची वही पोलीस चौकीत ठेवायची नसते.

ती वही चौकीत ठेवली की काय होतं, त्याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. साल १५३३, राजा आठवा हेन्री. तोवर अशा 'पापां'चा निवाडा चर्चची न्यायालयं करत होती. हेन्रीचं रोमच्या पोपशी बिनसलेलं होतं, चर्चची सत्ता त्याला आपल्या हातात घ्यायची होती. त्याच काळात संसदेनं कायदा करून हे पाप राजाच्या न्यायालयातला गुन्हा केलं आणि शिक्षा ठेवली फाशी. पाप तेच, फक्त खातं बदललं.

तो कायदा मग जहाजात बसला. १८६० साली भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ आलं: 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. हीच शब्दरचना थोड्याफार फरकानं सिंगापूरला गेली, मलायाला गेली, पूर्व आफ्रिकेत गेली.

आणि याच्या दोनच वर्षं आधी, १८५८ मध्ये, ऑटोमन साम्राज्यानं फ्रेंच नमुन्यावर नवी दंडसंहिता आणली होती. तिच्यात प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना शिक्षा नव्हती. लक्षात घ्या, त्या साम्राज्याचा सुलतान मुस्लिम जगाचा खलिफा म्हणवत होता. म्हणजे खलिफाच्या दरबारानं जो गुन्हा मानला नाही, तो आधुनिकतेचा दावा करणाऱ्या ब्रिटिशांनी कोट्यवधी लोकांवर लादला. म्हणून 'अमुक धर्म वाईट, तमुक धर्म चांगला' असली मांडणी कुणी करू लागलं की मी तिथेच थांबवते. इतिहास त्या मांडणीला साथ देत नाही.

मग मूलतत्त्ववाद म्हणजे नेमकं काय? हा शब्द आज आपण वाटेल त्याला चिकटवतो. त्याचा जन्म मात्र अमेरिकेत, प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांमध्ये झाला. १९१० ते १९१५ या काळात तिथे धर्माच्या मूलतत्त्वांवर १२ पुस्तिका निघाल्या, तेलधंद्यात पैसा मिळवलेल्या एका श्रद्धाळू उद्योजकाच्या खर्चानं त्या लाखोंनी फुकट वाटल्या गेल्या. त्यातल्या विचारांसाठी लढणाऱ्यांनी १९२० च्या सुमारास हे नाव स्वतःहून, अभिमानानं घेतलं. तेव्हा ती शिवी नव्हती.

माझा रोख त्यांच्या श्रद्धेवर नाही. कुणी दिवसातून पाच वेळा प्रार्थना करेल, कुणी आयुष्यभर व्रत पाळेल, कुणी ग्रंथातलं अक्षर न् अक्षर खरं मानेल. तो त्यांचा हक्क आहे आणि तो मोडायला कुणी आलं तर मी त्यांच्या बाजूनं बोलेन. अडचण सुरू होते ती पुढच्या पायरीवर. माझ्या ग्रंथात हे पाप आहे, म्हणून तुझ्यासाठी हा गुन्हा असला पाहिजे, आणि शिक्षा सरकारनं दिली पाहिजे. श्रद्धाळू माणूस देवाकडे बघतो, मूलतत्त्ववादी फौजदाराकडे बघतो.

हा फरक मी माझ्या मनानं काढलेला नाही. ब्रिटनमध्ये १९५७ साली वुल्फेंडन समितीनं अहवाल दिला, की प्रौढांनी संमतीनं खासगीत काय करावं हा कायद्याचा विषय नाही. पुढची दहा वर्षं त्यावर घमासान चर्चा झाली. त्या चर्चेत मायकेल रॅम्से उभे राहिले. कोण रॅम्से? कँटरबरीचे आर्चबिशप, इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू. समलिंगी संबंध पाप आहेत असंच त्यांचं मत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. आणि तरीही, प्रत्येक पापाला गुन्ह्याचा दर्जा देणं योग्य नाही, असं म्हणून ते कायदा बदलण्याच्या बाजूनं राहिले. १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला. रॅम्से यांचं पापाबद्दलचं मत मला मुळीच पटत नाही. पण ज्याला आपण पापी समजतो त्याला तुरुंगात टाकू नका म्हणून उभं राहणं, याला फार मोठं मन लागतं.

आता भारत. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ निष्प्रभ केलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं, ती यादी वाचण्यासारखी आहे. ज्यांच्या नावानं खटला ओळखला जातो ते एक ज्योतिषी. त्यांच्यासोबत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड. ॲपोस्टोलिक चर्चेस अलायन्स. क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. एरवी हे लोक एका सतरंजीवर बसणार नाहीत, एकमेकांच्या ग्रंथांना मानणार नाहीत. आपण ज्याला पाप मानतो त्यासाठी दुसऱ्याला बेड्या पडाव्यात, या एका मागणीवर त्यांची एकजूट झाली.

११ डिसेंबर २०१३ ला ते जिंकले. त्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की ही माणसं लोकसंख्येचा अगदी छोटा अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेपेक्षाही कमी जणांवर खटले चालले. हा युक्तिवाद मला आजही टोचतो. हक्क डोकी मोजून देतात का? आणि खटले कमी चालले म्हणून भीती कमी होती का? कलम दाखवून पैसे उकळणाऱ्याला, घरच्यांना सांगेन म्हणून धमकावणाऱ्याला, खटला चालवायची गरजच नसते. कलम असणं पुरेसं असतं.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तो निकाल पुसला. त्या वेळी 'संवैधानिक नैतिकता' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. तो बाबासाहेबांच्या भाषणातला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकर म्हणाले होते, की संवैधानिक नैतिकता ही माणसाची उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. बहुसंख्य लोकांना काय रुचतं ही एक नीतिमत्ता. राज्यानं प्रत्येक माणसाशी कसं वागावं ही दुसरी. दोन्हींत भांडण झालं, तर न्यायालयानं दुसरीच्या बाजूनं उभं राहायचं असतं. हे भांडण संपलेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाचा प्रश्न आला, तेव्हा याच न्यायालयानं तो संसदेकडे ढकलला.

आता एक गैरसमज काढून टाकते. देवाला न मानणारं राज्य म्हणजे आपोआप न्यायी राज्य, असं काही नाही. सोव्हिएत रशियानं १९२२ च्या दंडसंहितेतून हा गुन्हा वगळला होता. स्टालिननं १९३४ मध्ये तो परत आणला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ते राज्य तर उघडउघड नास्तिक होतं! पण नागरिकाच्या खासगी आयुष्याचा निवाडा करायची हौस त्यानं सोडली नव्हती, फक्त पोथी बदलली होती. आजच्या रशियाच्या घटनेत कलम १४ म्हणतं की राज्य धर्मनिरपेक्ष आहे. त्याच रशियात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली. युगांडाच्या घटनेतही स्पष्ट लिहिलंय, राज्याचा कोणताही धर्म असणार नाही. आणि २०२३ च्या तिथल्या कायद्यात समलिंगी संबंधांना जन्मठेप आहे, काही प्रकारांत तर मृत्युदंड आहे. त्या कायद्याचं समर्थन कसं झालं? आफ्रिकेची संस्कृती वाचवायची म्हणून. गुन्ह्याचं मूळ कलम ब्रिटिशांनी आणलेलं. आणि २००९ मध्ये राजधानी कंपालात अमेरिकेतल्या कट्टर ख्रिस्ती, इव्हँजेलिकल प्रचारकांनी येऊन समलिंगींविरुद्ध शिबिर घेतलं, त्यानंतर काही महिन्यांतच पहिलं विधेयक आलं. यात आफ्रिकेचं किती उरलं, तुम्हीच बघा.

ट्रान्स माणसांचा, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही त्यांचा, प्रश्न याला जोडलेला असला तरी तो वेगळाही आहे, त्याला वेगळं ऐकायला हवं. इराणचं उदाहरण घेते. १९८० च्या दशकात एका ट्रान्स स्त्रीनं देशाचे सर्वोच्च धर्मनेते खोमेनी यांच्यापर्यंत पोचून आपली कैफियत मांडली, आणि त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेला मान्यता देणारा फतवा दिला. अनेक वर्षांची तिची लढाई, केवढी हिंमत! पण त्याच राज्यात दोन पुरुषांच्या संबंधांना मृत्युदंड आहे. मग होतं काय, की जो नुसता समलिंगी आहे, ज्याला आपलं शरीर बदलायचंच नाही, त्याच्यावरही शस्त्रक्रियेसाठी दबाव येतो. अनेकांनी हे सांगितलंय. परवानगी आहे, पण ती धर्माधिकाऱ्याच्या चौकटीत मावणाऱ्यालाच. आणि दुसऱ्याच्या मर्जीनं मिळालेलं काढूनही घेता येतं. पाकिस्तानात २०१८ च्या कायद्यानं ट्रान्स व्यक्तींना स्वतःच्या जाणिवेनुसार लिंगओळख नोंदवायचा हक्क दिला. चांगला कायदा होता. मे २०२३ मध्ये, कायदे इस्लामला धरून आहेत का हे तपासणाऱ्या फेडरल शरियत न्यायालयानं त्यातली नेमकी तीच कलमं इस्लामविरोधी ठरवली.

याच्या उलट अर्जेंटिना, साल २०१२. तिथे कागदपत्रांवरचं लिंग बदलायला न्यायाधीश लागत नाही, डॉक्टरचा दाखला लागत नाही. तुम्ही सांगता, राज्य लिहून घेतं.

आता श्रद्धाळू माणसाची बाजू. 'उद्या आमच्या पुजाऱ्याला, आमच्या पाद्रीला समलिंगी लग्न लावायची सक्ती करतील' ही भीती खरी असते, तिची टिंगल करू नये. इंग्लंडमध्ये २०१३ ला समलिंगी विवाहाचा कायदा झाला, तेव्हा त्यातच लिहून ठेवलं की कोणत्याही धर्मसंस्थेवर अशी सक्ती होणार नाही. हे योग्यच आहे. इहवादी राज्यानं चर्चमध्ये घुसायचं नसतं. पण अमेरिकेत २०१५ साली केंटकीतल्या एका सरकारी लिपिक बाईंनी धर्माचं कारण देत विवाहाचे परवाने द्यायचंच बंद केलं आणि न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल पाच दिवस तुरुंगात काढले. त्यांची श्रद्धा प्रामाणिक असेलही. पण खिडकीच्या त्या बाजूला बसलेली व्यक्ती म्हणजे राज्य असतं. राज्य असं म्हणू शकत नाही की तू माझ्या देवाला चालत नाहीस.

मधली प्रकरणं अवघड असतात. उत्तर आयर्लंडमध्ये एका बेकरीनं 'समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या' असं लिहिलेला केक करून द्यायला नकार दिला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं बेकरीच्या बाजूनं निकाल दिला. त्यांचा आक्षेप त्या मजकुराला आहे, गिऱ्हाइकाला नाही. तो मजकूर दुसऱ्या कुणी मागितला असता तरी त्यांनी नकारच दिला असता, असं न्यायालयानं म्हटलं. मला हा निकाल बरोबर वाटतो, माझ्या काही मित्रांना अजिबात वाटत नाही. 'तू समलिंगी आहेस म्हणून तुला विकणार नाही' आणि 'हे वाक्य मी लिहिणार नाही' यांत अंतर आहे. जबरदस्तीनं कुणाच्या हातून आपलं घोषवाक्य लिहून घ्यायला लागलो, तर आपणही त्याच वहीची आणखी एक प्रत काढून ठेवू.

शेवटचं उदाहरण स्वीडनचं. तिथलं लुथेरन चर्च कित्येक शतकं राज्याचं अंग होतं. १ जानेवारी २००० ला दोघं वेगळे झाले. २००९ च्या मे महिन्यात देशाच्या कायद्यात समलिंगी विवाह आला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये चर्चच्या स्वतःच्या सभेनं मतदान करून ठरवलं, की आम्हीही ही लग्नं लावू. ज्या पाद्रीला पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही. पुढच्याच महिन्यात एवा ब्रुने यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं. आपली जोडीदार आणि लहान मूल यांच्यासह त्यांचा संसार चालू होता.