दोन डोंगरांच्या मधलं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि मोबाइलवर गाणी लावून ठेवली होती. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं. माझं काही लक्ष नव्हतं. मग मध्येच एक गिटार वाजू लागली. फक्त गिटार, मागे कसलाही ताफा नाही. त्या गिटारवर एक बाई गायला लागली आणि माझा हात घडीवरच थांबला.

ती सांगत होती, दोन उंच डोंगरांच्या मध्ये एक जागा आहे. लोक त्या जागेला एकाकी म्हणतात. का म्हणतात ते तिला कळत नाही, कारण तिथं गेल्यावर तिला कधी एकटं वाटतच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी ओढा वाहतो, तो तुझ्याइतकाच बडबडा आहे. झाडावर खारीसारखं काहीतरी आहे, त्याचा आवाज अगदी आपण भांडायचो तसा. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. त्यात ‘मला तुझी आठवण येते’ असं ती कुठेच म्हणत नाही. ओढ्याचं सांगते, पाखराचं सांगते, खारीचं सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं.

त्या गाण्याचं नाव ‘टॉकिंग लाइक यू’ आणि त्या बाईचं नाव कॉनी कॉन्व्हर्स. अमेरिकेतली. गाणं लिहिणारी तीच, चाल लावणारी तीच, वाजवणारी आणि गाणारीही तीच. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलं नसेल. मीही तोवर ऐकलं नव्हतं.

आता तिच्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, त्याची सुरुवात नेहमी तिच्या आयुष्याच्या शेवटापासून होते. तो शेवट चटका लावणारा आहे, मी तो सांगणारही आहे. पण आधी गाण्याकडे जाऊ. ती गोष्ट आधी कळली की प्रत्येक ओळीत आपण तिचं दुःख शोधत बसतो, आणि मग तिचा मिश्कीलपणा निसटून जातो. हो, मिश्कीलपणा! खारीच्या आवाजाला भांडणाची उपमा देणारी बाई काही सतत रडवेली नव्हती.

तिचं वाजवणं जरा जवळून ऐकू या. अंगठा खालच्या स्वरांच्या जाड तारांवर एका ठाय लयीत फिरत असतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर वेगळीच कलाकुसर करत असतात. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटावं. त्यात ती मध्येच स्वरमेळ असा बदलते की आपण अंदाज बांधलेला असतो एक आणि चाल जाते दुसरीकडे. ती गाताना आवाज फुलवत नाही, लांबवत नाही. शब्द स्पष्ट, सरळ, समोरच्याशी बोलावं तसे. एकट्यानं जात्यावर बसून ओवी म्हणताना आवाजाला जी मोकळीक मिळते ना, तीच जातकुळी मला इथं जाणवली. ऐकणाऱ्यांना जिंकायचं आहे, असा ताण त्या आवाजात नाही.

ध्वनिमुद्रण मात्र जुनं आहे, आणि तेही घरगुती. मागे टेपची बारीक खरखर आहे. पहिल्यांदा ती खटकते. मलाही खटकली. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिची सवय झाली आणि मग खोली दिसायला लागली.

ही खोली होती न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी, हेस्टिंग्ज-ऑन-हडसन नावाच्या गावात. घर जीन डाइच यांचं. हे नाव तुम्हाला अनोळखी वाटेल, पण त्यांचं काम तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेलं असेल. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘टॉम अँड जेरी’चे 13 भाग ज्यांनी दिग्दर्शित केले, ते हेच डाइच. त्यांना संगीताचं वेड होतं. घरी मित्रमंडळी जमवायची आणि आपल्या टेपरेकॉर्डरवर गाणाऱ्यांना उतरवून ठेवायचं, हा त्यांचा छंद. 1950 च्या दशकात अशाच एका बैठकीला कॉनी गिटार घेऊन आली.

ती तेव्हा तिशीच्या आसपास होती. जन्म 1924 चा, न्यू हॅम्पशर राज्यातला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. अभ्यासात हुशार, शिष्यवृत्ती मिळवून माउंट होलिओक कॉलेजात गेली आणि दोन वर्षांनी शिक्षण सोडून न्यूयॉर्कला आली. दिवसा नोकरी करायची, उरलेल्या वेळात गाणी रचायची. 1954 साली एकदा सीबीएस वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात तिला गाण्याची संधी मिळाली. कार्यक्रम सादर करणारे होते वॉल्टर क्रॉंकाइट, पुढे अमेरिकेत घराघरांत पोचलेले वृत्तनिवेदक. त्या दिवसाची काही छायाचित्रं आहेत. आवाज उरलेला नाही.

यापलीकडे काहीच घडलं नाही. का घडलं नाही, याचं एक कारण त्या काळातच सापडतं. लोकगीतं गाणारे तेव्हा बहुतेक करून परंपरेनं आलेली गाणी गायचे, आणि लोकप्रिय गायक-गायिका व्यावसायिक गीतकारांनी लिहिलेली. स्वतःच्या मनातलं स्वतः लिहून एका गिटारवर म्हणणारी बाई या दोन्ही खणांत बसेना. हेच पुढे दहा-वीस वर्षांनी मोठं मानाचं झालं. 1961 साली ती न्यूयॉर्क सोडून मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, भावाच्या गावी राहायला गेली. त्याच वर्षी बॉब डिलन न्यूयॉर्कला आला, स्वतःची गाणी स्वतः लिहून गिटारवर म्हणत पुढे जगभर गाजलेला गायक. हा योगायोग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले होते.

भावाचं नाव फिलिप. तो तिचा हक्काचा श्रोता. न्यूयॉर्कमध्ये असताना ती घरीच गाणी टेपवर उतरवून त्याला पाठवायची. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. तिच्या गाण्यांमध्ये जो जवळचेपणा आहे तो इथून आलाय, असं माझं ठाम मत आहे. ती काही गाणी चक्क एका माणसाला लिहिलेल्या पत्रासारखी होती.

ॲन आर्बरमध्ये तिनं एका शोधपत्रिकेच्या कार्यालयात सचिव म्हणून सुरुवात केली आणि व्यवस्थापकीय संपादकपदापर्यंत पोचली. गाणी मागे पडली. ऑगस्ट 1974 मध्ये, पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास, तिनं आप्तांना आणि मित्रांना निरोपाची पत्रं लिहिली, फोक्सवॅगन बीटल गाडीत सामान भरलं आणि ती निघून गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. मागे ठेवून गेली ती नीट लावलेल्या कागदपत्रांचं कपाट: पत्रं, छायाचित्रं, गाणी, सगळं जागच्या जागी. विस्कटून जाणाऱ्या माणसाचं ते कपाट वाटत नाही. त्या नीटनेटकेपणावर मला अजूनही नेमकं काय म्हणावं ते सुचत नाही, म्हणून मी पुढे जाते.

आणि पुढचा भाग तर खास आपला, म्हणजे रेडिओ ऐकणाऱ्यांचा आहे. 2004 साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या केंद्रावर ‘स्पिनिंग ऑन एअर’ नावाच्या कार्यक्रमात जीन डाइच पाहुणे म्हणून आले. वय ऐंशीच्या आसपास होतं. आपल्या जुन्या टेपांमधून त्यांनी कॉनीचं एक गाणं ऐकवलं. जवळजवळ पन्नास वर्षं ती टेप त्यांनी जपली होती! ते प्रसारण डॅन झुला नावाच्या एका तरुणानं ऐकलं. त्याच्या डोक्यातून तो आवाज जाईना. त्यानं एका मित्राच्या मदतीनं डाइच यांच्याकडच्या आणि फिलिपकडच्या टेपा मिळवल्या, आणि 2009 मध्ये ‘हाउ सॅड, हाउ लव्हली’ हा संग्रह निघाला. गाणी रचली तेव्हा जन्मालाही न आलेली माणसं आज ती गुणगुणतात.

विचार करा, त्या दिवशी त्या वेळेला रेडिओ लावलेला नसता तर?

तुम्हाला हे ऐकायचं असेल तर माझी एक विनंती आहे. सगळा संग्रह एका दमात संपवू नका. एक गाणं घ्या आणि तेच चार दिवस ऐका. शक्य असेल तर रात्री, हेडफोन लावून, दुसरं कुठलंही काम हातात न घेता. पहिल्या वेळी शब्द ऐका. इंग्रजी अगदी साधं आहे, अडखळायला होत नाही. दुसऱ्या वेळी फक्त अंगठ्याकडे लक्ष द्या. आवडलं की ‘रोव्हिंग वुमन’ लावा. त्यात एका भटक्या बाईची कैफियत आहे, आणि ती सांगतानाचा तिचा तोरा ऐकून तुम्हाला हसू फुटल्याशिवाय राहणार नाही. मन दुखवणारी गाणी त्यानंतर.

शिवाय पुढे वाटा फुटतात. कॉनीला शेवटी शेवटी गिटारही अपुरी पडू लागली होती. ती पियानोकडे वळली आणि ग्रीक पुराणातल्या कॅसान्ड्रावर तिनं एक गीतमाला रचली. कॅसान्ड्रा म्हणजे जिला भविष्य खरं दिसतं आणि जिच्यावर कुणीही विश्वास ठेवत नाही, ती. विषय असा का निवडला असेल, हे मी तुमच्यावर सोडते.

माझ्या त्या कपड्यांच्या घड्या त्या रात्री तशाच राहिल्या. गाणं संपलं, मोबाइलनं पुढचं सुरू केलं, ते मी बंद केलं आणि पुन्हा मागे गेले. पुन्हा ते दोन डोंगर, दाराशी वाहणारा ओढा, झाडावरचं ते खारीसारखं काहीतरी. चौथ्यांदा ऐकताना कळलं, एका ओळीच्या आधी ती हलकेच श्वास घेते, आणि तो ऐकू येतो.

नमस्कार.